गाडीच्या लेदर सीट्सची स्वच्छता आणि निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेदर सीट्सविषयी जे सल्ले फिरत असतात, त्यातले बरेच थंड, कोरड्या देशांतल्या हवेसाठी दिलेले असतात. आपल्याकडे एकाच वर्षात विदर्भातला उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा असतो. डोक्याला तेल असतं, गाडीत वडापाव खाल्ला जातो आणि सीट्सचा रंग मात्र बहुतेकांना बेजच आवडतो. म्हणून ही उत्तरं इथल्या हवेसाठी आणि इथल्या सवयींसाठी.

माझ्या गाडीतलं लेदर खरं आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी कंपनीच्या माहितीपत्रकातला शब्द नीट वाचा. ‘लेदरेट’, ‘आर्टिफिशियल लेदर’, ‘व्हीगन लेदर’, ‘प्रीमियम अपहोल्स्टरी’ यांपैकी काही लिहिलं असेल, तर ते कातडं नाही. ते पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन आहे, म्हणजे ज्याला आपण पूर्वीपासून रेक्झिन म्हणतो त्याचीच सुधारलेली जात. भारतात विकल्या जाणाऱ्या मधल्या किमतीच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. ज्या गाड्यांत खरं लेदर असतं, त्यांतही अनेकदा बसण्याचा आणि पाठ टेकण्याचा मधला भागच तेवढा लेदरचा असतो. बाजू, मागची पाठ आणि दारावरचे पट्टे कृत्रिम असतात.

शंका उरली तर सीटच्या खालच्या बाजूला, जिथे कडा आत दुमडलेली असते, तिथे टॉर्च मारून पाहा. मागच्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट. बारीक, लवदार, तंतूंसारखा पोत दिसला तर कातडं. आगकाडी लावून बघण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. ज्यांना धार्मिक किंवा नैतिक कारणानं कातडं नको असतं, त्यांनी बुकिंगच्या आधी हा प्रश्न शोरूममध्ये लेखी विचारावा. तोंडी उत्तरात ‘लेदर’ हा शब्द फार सैल वापरला जातो.

खरं आणि कृत्रिम यांच्या निगेत फरक काय?

वाटतो तेवढा नाही, कारण गाड्यांमधलं बहुतेक खरं लेदरही उघडं नसतं. कातडं कमावून झालं की त्यावर रंगाचा थर देतात आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचं आवरण. तुमचा हात लागतो, घाम लागतो, फडकं फिरतं ते सगळं या आवरणावर. म्हणजे आपण रोज जी निगा राखतो ती मुख्यतः या पातळ थराची असते. हा थर शाबूत असेपर्यंत कातडं सुरक्षित राहतं. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे.

अपवाद अ‍ॅनिलिन लेदरचा. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, त्यामुळे ते अत्यंत मऊ लागतं आणि फार महागड्या गाड्यांत असतं. सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर आवरण आहे. आत मुरून डाग गडद झाला तर ते अ‍ॅनिलिन असू शकतं, किंवा आवरण झिजलेलं असू शकतं. दोन्ही बाबतींत घरगुती प्रयोग टाळा. या चाचणीनं खरं-खोटं मात्र कळत नाही, कारण लेदरेटवरही थेंब तसाच राहतो.

साफ केल्यावर सीट चकाकायला हवी ना?

नाही. नवी कोरी गाडी आठवा. तिच्या सीट्स निस्तेज नसतात, पण चकचकीतही नसतात. त्यांना एक शांत, मॅट पोत असतो. काही महिन्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर जी चमक येते, ती घाम, त्वचेचं तेल आणि धूळ यांचा बसलेला थर असतो. शेजारी न वापरलेल्या मागच्या सीटकडे पाहिलं की फरक लगेच दिसतो. वॉशिंग सेंटरमध्ये सिलिकॉनचं पॉलिश मारून देतात तेव्हा याच थरावर आणखी एक थर चढतो. गाडी ताब्यात घेताना छान वाटतं, पण सीट निसरडी होते आणि दोन दिवसांत धूळ चिकटू लागते. सफाई नीट झाली की चमक जाते आणि मॅटपणा परत येतो, ही खूण लक्षात ठेवा.

घरी साफ करायची नेमकी पद्धत कोणती?

गाडी सावलीत लावा आणि सीट गार होऊ द्या. तापलेल्या सीटवर क्लीनर लगेच वाळतो आणि पट्टे उमटतात.

आधी व्हॅक्युम. हे टाळून थेट ओलं फडकं फिरवणं म्हणजे धुळीतली रेती सीटवर घासणं. शिवणीत आणि पाठ-बैठकीच्या फटीत चिवडा, बिस्किटांचा चुरा आणि खडे अडकलेले असतात, तिथे अरुंद तोंडाची नळी आणि मऊ ब्रश वापरा.

मग लेदरसाठीचा सौम्य क्लीनर. तो सीटवर फवारू नका, ब्रशवर किंवा कापडावर घ्या. एका वेळी हातभर जागा घ्या, फेस येईपर्यंत हलक्या हातानं गोल फिरवा, आणि फेस वाळण्याआधी मायक्रोफायबरच्या स्वच्छ ओलसर कापडानं टिपून घ्या. कापड पिळल्यावर पाणी ठिबकत असेल तर ते जास्त ओलं आहे. कापडावर तपकिरी-करडा मळ येणं थांबलं की काम झालं. पण कापडावर सीटचाच रंग येऊ लागला तर ताबडतोब थांबा, कारण मग तुम्ही आवरण काढत आहात.

शेवटी कोरड्या कापडानं पुसा आणि दारं उघडी ठेवून सीट वाळू द्या. मराठवाड्यात किंवा जिथे बोअरचं जड पाणी आहे तिथे या कामाला पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. गडद सीटवर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते पुन्हा पुसत बसावं लागतं.

लेदर क्लीनर नसेल तर शाम्पू, भांड्यांचा साबण, खायचा सोडा चालेल का?

अगदी नड असेल तर भरपूर पाण्यात लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचे दोन-चार थेंब, आणि नंतर साध्या ओलसर कापडानं दोनदा पुसणं. याच्या पुढे जाऊ नका.

कातडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण साडेतीन ते पाच (हा आकडा सातच्या खाली असेल तर पदार्थ आम्लधर्मी, वर असेल तर अल्कधर्मी). कपड्यांची पावडर दहाच्या आसपास जाते, खायचा सोडा आठच्या वर. एकदा वापरून काही दिसणार नाही, पण वारंवार वापरलं तर आवरण कोरडं, ठिसूळ होतं. भांड्यांचा साबण तेल तोडण्यासाठी बनवलेला आहे, तेही ताकदीनं. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. मेलामाइनचा तो पांढरा ‘जादूचा’ स्पंज म्हणजे अतिशय बारीक सँडपेपरच. डाग जातो, त्याबरोबर आवरणही जातं. फिनाइल, काच पुसायचं द्रव्य, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल यांना सीटपासून लांबच ठेवा. ओल्या वाइप्स प्रवासात सांडलेलं टिपायला ठीक, रोजच्या सफाईला नकोत.

कोल्हापुरी चपलेला तेल देतात, मग सीटला का नाही?

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि इतक्या लोकांच्या मनात असतो की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. त्यावर प्लास्टिकसारखं आवरण नसतं, त्याची छिद्रं उघडी असतात, म्हणून ते तेल पितं आणि मऊ होतं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, त्याला लागणारं तेल कारखान्यातच आत मुरवलेलं असतं आणि वरून ते बंद केलेलं असतं. अशा सीटवर खोबरेल किंवा तिळाचं तेल चोळलं तर ते आत शिरत नाही, वरच राहतं. मग धूळ धरतं, कपड्यांना लागतं, शिवणीतून फोममध्ये उतरतं आणि काही आठवड्यांत खवट वास सुटतो. लेदरेटवर तर तेलाचा काहीच उपयोग नाही. ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर एकत्र करून लावायची युक्तीही याच कारणानं सोडून द्या.

मग कंडिशनरचा काय उपयोग?

आवरण असलेल्या लेदरवर कंडिशनर ‘आत मुरून पोषण देतो’ हा दावा बराच फुगवलेला असतो. छिद्रं असलेला भाग, शिवणी आणि झिजलेल्या जागा सोडल्या तर आत जायला वाटच नसते. पण पाण्यावर आधारित चांगला कंडिशनर किंवा प्रोटेक्टंट आवरणावर पातळ थर देतो, त्यामुळे कपड्यांचं घर्षण कमी होतं, जीन्सचा रंग सहज चढत नाही आणि पुढची सफाई सोपी जाते. एवढ्यासाठी तो वापरावा. स्वच्छ सीटवर, अगदी थोडा, आणि अर्ध्या तासानं जास्तीचा पुसून. मळक्या सीटवर कंडिशनर लावणं म्हणजे मळ सील करणं. लेदरेटला कंडिशनर नको. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा, मॅट राहणारा प्रोटेक्टंट पुरे.

डोकं टेकतो तिथे काळपट, चिकट डाग पडलाय. का?

केसांचं तेल. हेडरेस्ट आणि पाठीचा वरचा भाग यांचं सर्वात जास्त नुकसान यानंच होतं, आणि ते हळूहळू होत असल्यामुळे लक्षात येत नाही. तेल आणि घाम आवरणावर दिवसेंदिवस बसून राहिले की ते मऊ पडतं, चिकटतं, आणि मग घासलं की रंगासकट निघतं. म्हणून इथे सफाईची पाळी इतर भागांच्या दुप्पट वेळा लावा. घरात रोज तेल लावणारं कुणी असेल तर हेडरेस्टवर धुता येईल असा सुती कपडा घाला. रेल्वेच्या वरच्या वर्गात आणि जुन्या बैठकीच्या खोल्यांत हीच सोय असायची. हेडरेस्ट साध्या खटक्यानं निघत असेल तर काढून दोन्ही बाजूंनी साफ करा.

बेज सीटवर जीन्सचा निळा रंग चढलाय, निघेल?

लवकर पकडलात तर बहुधा निघेल. सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रशनं दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी थोडा वेळ थांबून. महिने उलटले की निळीचा रंग आवरणात शिरतो आणि मग ती जागा पुन्हा रंगवणं हाच मार्ग उरतो. नवी, न धुतलेली गडद जीन्स घालून हलक्या रंगाच्या सीटवर बसताना खाली टॉवेल टाका. पावसात भिजलेली जीन्स तर हमखास रंग सोडते.

हळद, पेन, सॅनिटायझर, मुलांची उलटी : कोणत्या डागाला काय?

हळदीच्या डागावर साबण घासू नका. अल्कधर्मी पदार्थ लागला की हळद लाल होते. पूर्वी हळदीपासून कुंकू याच गुणधर्मानं करत. भाजीचा रस्सा सांडला तर कोरड्या कापडानं टिपा, सौम्य क्लीनरनं पुसा, आणि पिवळेपणा उरलाच तर चार दिवस वाट पाहा. हळदीचा रंग उजेडात विरतो, काचेतून येणाऱ्या सकाळच्या उन्हानं तो बराच फिका पडतो.

बॉलपेनच्या रेघेवर अ‍ॅसिटोन किंवा हेअरस्प्रे मारायचा मोह टाळा, शाई पसरते आणि आवरणही विरघळतं. लेदरसाठी मिळणारी शाई काढायची कांडी वापरा किंवा जाणकाराकडे द्या. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल आर्मरेस्टवर ठिबकलं की पांढरट डाग पडतो. तो मळाचा नसतो, आवरणाला झालेली इजा असते, म्हणून पुसून जात नाही. बाटली दाराच्या कप्प्यात ठेवा आणि हात चोळून वाळल्यावरच आर्मरेस्टवर टेकवा. सनस्क्रीनचंही तसंच.

उलटी किंवा दूध सांडलं तर गाडी बाजूला घेऊन लगेच टिपायला लागा, कारण खरा प्रश्न वरच्या डागाचा नसतो. शिवणीतून फोममध्ये जे उतरतं त्याचा वास दुसऱ्या दिवशी उन्हात सुटतो. पुसायचं ते शिवणीच्या दिशेनं नको, शिवणीपासून दूर.

पावसाळ्यात सीटवर बुरशी येते. काय करावं?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई इथे हा दरवर्षीचा त्रास आहे. जुलैमध्ये दोन आठवडे गाडी बंद राहिली की सीटवर पांढरी-हिरवट भुकटी दिसते. बुरशीला ओल लागते आणि अन्न लागतं. अन्न म्हणजे सीटवरचा घाम, तेल आणि सांडलेलं खाणं. म्हणून जूनच्या आधी एकदा कसून सफाई करून ठेवली तर निम्मं काम झालेलं असतं.

आलीच तर गाडी उघड्यावर न्या, तोंडाला मास्क लावा, आणि कोरड्या कापडानं टिपून ते कापड फेकून द्या. घरात किंवा बंद गॅरेजमध्ये झटकू नका, बीजाणू उडून एसीत जातात. मग सौम्य क्लीनर. तरीही ठिपके उरले तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाला फक्त ओलावा लावा, आधी लपलेल्या जागी करून बघा, रंग निघत नाही याची खात्री झाली तरच पुढे जा आणि लगेच कोरडं पुसा. सीट पूर्ण वाळेपर्यंत काचा बंद करू नका.

त्यानंतर ओल येते कुठून ते शोधा. ओल्या छत्र्या, रेनकोट, मॅटखाली साचलेलं पाणी आणि सनरूफच्या तुंबलेल्या नळ्या ही नेहमीची कारणं. पावसाळ्यात न वापरता ठेवलेल्या गाडीवर जाड प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून एसी लावा. एसी थंडाव्याबरोबर हवेतली ओलही काढतो. सीटखाली सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या तर त्या वेळोवेळी सुकवायला किंवा बदलायला विसरू नका.

उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरसारख्या ठिकाणी सीट कशी जपायची?

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत सीटचा पृष्ठभाग 50 अंशांच्या वर सहज जातो, डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. उष्णता आणि अतिनील किरणं रंग उडवतात आणि आवरण ठिसूळ करतात. सावली मिळाली तर उत्तम, नाहीतर पुढच्या काचेला आतून परावर्तक सनशेड लावा आणि गाडी अशी उभी करा की दुपारचं ऊन मागच्या बाजूनं येईल. काळ्या फिल्मचा विचार नको. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा, आणि गडद फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बडगा उगारल्यापासून दंड होतो. तापलेल्या सीटवर पाणी शिंपडून गार करू नका. दारं उघडून गरम हवा आधी बाहेर जाऊ द्या.

लेदर सीटवर कव्हर घालावं का? आणि कंपनीचं प्लास्टिक?

प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. त्याखाली घाम आणि ओल कोंडते, उन्हात ते सीटला चिकटतं, आणि बसणारा घसरतो. जपण्यासाठी ठेवलेलं प्लास्टिकच सीट खराब करतं.

कव्हरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे : चांगल्या लेदरवर कायमचं कव्हर घालू नका. खाली रेती जमते आणि प्रत्येक वळणावर घासत राहते. शिवाय अनेक गाड्यांमध्ये साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कडेत बसवलेली असते. साधं घट्ट कव्हर तिचा मार्ग अडवू शकतं. लहान मुलांची सुरक्षा-सीट बसवताना मात्र खाली पातळ संरक्षक घाला, म्हणजे खोल वळ पडत नाहीत. त्यासाठी ती सुरक्षा-सीट बनवणाऱ्या कंपनीची परवानगी आहे का ते तिच्या पुस्तिकेत पाहा.

छिद्रांच्या, व्हेंटिलेटेड सीट्ससाठी वेगळं काही?

द्रव सरळ सीटवर कधीच नको. छिद्रांखाली पंखा, वायरिंग आणि पुढच्या प्रवासी सीटमध्ये माणूस बसलाय हे ओळखणारा सेन्सर असतो. क्लीनर फेसाच्या रूपात, ब्रशवर, थोडा. छिद्रांत कंडिशनर साचून पांढरे ठिपके दिसत असतील तर ते मऊ ब्रशनं कोरडेच काढा. सुई घालू नका.

सीटला भेगा पडल्यात, पापुद्रे निघतायत. कंडिशनरनं भरून येईल?

नाही. फक्त कारण ओळखा, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. खऱ्या लेदरवर बारीक सुरकुत्या पडणं साहजिक आहे. वरच्या आवरणालाच तडे गेले असतील तर लेदरची दुरुस्ती करणारे लोक भरणी करून, रंग जुळवून ते बऱ्यापैकी झाकतात. कातडंच फाटलं असेल तर तेवढा तुकडा सीट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून बदलून घ्या. पूर्ण सीट बदलण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

पापुद्रे निघत असतील तर ते जवळजवळ नक्की पॉलियुरेथेनचं लेदरेट आहे. दमट हवा आणि उष्णता यांनी त्याच्या थराचं रासायनिक विघटन होतं. मुंबईत स्वस्त सोफे पाच-सहा वर्षांत सोलतात त्याचं कारण हेच. पीव्हीसीमधून त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात आणि ते कडक होऊन तडकतं. दोन्हींवर उपाय नाही, नवीन शिवणं एवढंच.

गाडीत पुराचं पाणी शिरलं तर सीट्स वाचतात का?

2005 मध्ये मुंबईत, 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी काहीही हलवण्याआधी विम्यासाठी फोटो काढा आणि गाडी चालू करू नका. सीट्स वर्कशॉपमध्येच काढायला लावा, कारण खाली एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या असतात. वरून वाळलेली सीट आत ओलीच असते. फोम आठवडाभरही पाणी धरून ठेवतो, आणि पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी. कातडं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात ते आकसतं आणि शिवणी ताणतात. पाणी बैठकीच्या वर गेलं असेल तर फोम बदलाच.

स्टिअरिंग आणि गिअरची मूठ?

तीच पद्धत, फक्त जास्त वेळा, आणि कंडिशनरशिवाय. स्टिअरिंग निसरडं होणं धोक्याचं आहे. अल्कांटारा असेल तर ते लेदर नाही, पॉलिस्टर-पॉलियुरेथेनचं सूक्ष्म तंतूंचं कापड आहे. ओलसर कापड आणि मऊ ब्रश एवढंच, लेदरची कोणतीही द्रव्यं नकोत.

वॉशिंग सेंटरला देताना काय सांगायचं?

कोणतं द्रव्य वापरणार ते विचारा आणि बाटली बघा. अनेक ठिकाणी एकच तीव्र ‘ऑल पर्पज’ द्रव्य टायरपासून छतापर्यंत फिरतं. कडक ब्रश नको, सीटवर पॉलिश नको, वाफ मारायची तर नळी एका जागी थांबवायची नाही, हे आधीच सांगा. डॅशबोर्डचं कापड सीटला लावायचं नाही हेही. शक्य असेल तर थांबून बघा, चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

हे सगळं किती दिवसांनी?

रोज वापरातल्या गाडीला आठवड्यातून एकदा व्हॅक्युम आणि कोरडं कापड, महिन्या-दीड महिन्यातून ड्रायव्हरची सीट, तीन-चार महिन्यांतून सगळ्या सीट्स आणि प्रोटेक्टंट. एक खेप मेच्या शेवटी आणि एक पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत, अशी जमवली की विसरत नाही.

जुनी गाडी घेताना सीटवरून काय कळतं?

बरंच. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पाहा. चढता-उतरताना सगळा भार आणि घर्षण तिथे येतं. मीटरवर पंचवीस हजार किलोमीटर आणि ती कड सपाट, रंग उडालेली, तर सर्व्हिस सेंटरच्या नोंदींशी आकडा ताडून पाहा. सीटचे लोखंडी रूळ आणि बोल्ट टॉर्च लावून बघा. तिथे दाट गंज, शिवणीत चिखलाची बारीक भुकटी, किंवा गालिच्याखाली पाण्याची रेघ दिसली तर गाडी बुडालेली असू शकते, वरून सीट्स कितीही नव्या शिवलेल्या असोत. आणि आत शिरताच सिलिकॉनची चमक आणि तीव्र सुगंध जाणवला, तर दारं उघडून दहा मिनिटं थांबा, सीटच्या फटीत हात घाला, बोटं ओली लागतात का ते बघा आणि मगच किमतीचं बोला.